प्रदर्शनातला प्रयोग कोणाचा?

विज्ञानप्रदर्शनाचे दिवस जवळ आले की घरोघरी पुठ्ठा, खळ आणि रंग यांची गर्दी उडते. मूल नववीत असते. पण रात्री जागून तारा जोडणारे हात पुष्कळदा वडिलांचे असतात. हल्ली तर तयार नमुनेही विकत मिळतात. मग बक्षीस मिळाले तर ते कोणाचे, हा प्रश्न आपण पालकांनीच स्वतःला विचारला पाहिजे.

नमुना आणि प्रयोग ह्यांत मोठा भेद आहे. नमुना आधीच ठाऊक असलेली गोष्ट दाखवितो. प्रयोग ठाऊक नसलेली गोष्ट विचारतो. चांगल्या स्पर्धांनी हा भेद ओळखला आहे. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाने १९८१ साली सुरू केलेल्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावी व नववीची मुले उतरतात. तीत लेखी परीक्षेवर काम भागत नाही; पुढे प्रात्यक्षिक, मुलाखत आणि स्वतः केलेला प्रकल्प ह्या पायऱ्या चढाव्या लागतात. १९९३ पासून भरणारी राष्ट्रीय बालविज्ञान परिषद तर मुलांना आपल्याच परिसरातील प्रश्न घ्यावयास सांगते.

असा प्रश्न शोधण्यास दूर जावयास नको. आमच्या कोपरचेच उदाहरण घेऊ. दिवा-डोंबिवलीच्या मधले हे स्थानक. वरून वसईची गाडी जाते, आणि पश्चिमेस थोड्याच अंतरावर खाडी आहे. तेथे भरती-ओहोटी होते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु भरतीच्या वेळी पाणी किती अधिक खारट होते?

वडीलधाऱ्या माणसास बरोबर घेऊन मुलाने एकाच जागेचे पाणी भरतीस व ओहोटीस आणावे. ते गाळून प्रत्येकी अर्धा लिटर मोजावे, आटवावे आणि उरलेले क्षार तोलावे. खुल्या समुद्राच्या एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्याच्याशी तुलना करावी. जागा, माप, भांडे सारखेच ठेवावे. बदलावी ती फक्त वेळ. बदललेली गोष्ट एकच असेल, तरच फरकाचे कारण सांगता येते. शिवाय एकदाच केलेल्या तोलावर भरवसा नाही. निरनिराळ्या दिवशी निदान तीनदा तरी तोलावे, आणि आकडा मनासारखा आला नाही तरी वहीत तसाच लिहावा. फरक आढळला नाही, तर तेही उत्तरच होय.

परीक्षक विचारतो, "हे तुला कसे कळले?" पाठ केलेले भाषण तेथे दुसऱ्याच प्रश्नाला अडखळते. खाडीचे पाणी स्वतः आटविलेली मुलगी मात्र आपली डागाळलेली वही उघडून दाखविते. ढाल एकाच्याच घरी जाते. ही सवय प्रत्येक मुलाच्या घरी जाऊ शकते. पालकांनी फक्त हात थोडा आवरता घ्यावयास हवा.