आधी पाणी, तेही घड्याळ लावून

गुडीहत्नूरच्या आमच्या घरात एका सकाळी अडीच वर्षांच्या भाच्याने ओट्यावरचा कप ओढला आणि वाफाळता चहा त्याच्या हातावर सांडला. सासूबाई ‘टूथपेस्ट आणा’ म्हणून ओरडल्या. शेजारच्या काकूंनी हळदीचा डबा उघडला. माझी आई तेव्हा औरादहून आली होती. बीदर जिल्ह्यातल्या बालवाडीत तिने काही वर्षे काढलेली. ‘नीरु, नीरु’ एवढेच म्हणत तिने पोराला उचलून मोरीत नेले आणि बादलीतले पाणी तांब्याने त्याच्या हातावर ओतायला सुरुवात केली. चार-पाच मिनिटांत पोर शांत झाले. आम्हाला वाटले, झाले. आई मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ओततच राहिली. पूर्ण वीस मिनिटे!

हा वीस मिनिटांचा आकडा महत्त्वाचा. आगीपासून किंवा गरम भांड्यापासून मूल दूर केले, तरी उष्णता कातडीच्या आतल्या थरांत शिरलेली असते आणि ती भाजण्याचे काम चालूच ठेवते. साधे, वाहते, थंडसर पाणी ती बाहेर काढते. लगेच जमले नाही तर भाजल्यापासून तीन तासांपर्यंतही त्याचा उपयोग होतो. नळाला पाणी नसेल तर बादली आणि तांब्या पुरे. बर्फ मात्र नको, त्याने कातडीला आणखी इजा होते. टूथपेस्ट गार लागते ती त्यातल्या पुदिन्याच्या अर्कामुळे. आतली उष्णता तिथेच राहते. वर डॉक्टरांना ती खरवडून काढावी लागते, तेव्हा मूल दुसऱ्यांदा रडते. हळद, तूप, शाई यांचेही तेच.

पाणी ओतता ओतताच हातातले कडे, मनगटाचा काळा दोरा काढून घ्यावा. सूज आली की तो रुततो. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढू नये. तान्हे मूल असेल तर बाकीचे अंग उबदार ठेवावे. नंतर स्वच्छ धुतलेले सुती कापड सैल गुंडाळावे. फोड फोडू नयेत. भाजलेला भाग मुलाच्या तळहातापेक्षा मोठा असेल, किंवा चेहरा, हात, पाऊल, सांधा, गुप्तांग यांवर असेल, तर दवाखाना गाठायचाच.

(कन्नडमध्ये जखमेला ‘गाय’ म्हणतात. लहानपणी मी ‘गाय आगिदे’ म्हणत रडत आले की आमच्या मराठी शेजारीण आधी गोठ्याकडे बघत.)

दुसरे घड्याळ लावायचे ते कुत्रा चावल्यावर. येथे पंधरा मिनिटे, आणि पाण्यासोबत साबण. साधा कपड्याचा साबणही चालतो. रेबीजच्या विषाणूला स्निग्ध आवरण असते, साबण ते फोडतो. आपल्याकडे मात्र जखमेत मिरचीपूड किंवा चुना भरतात आणि घट्ट पट्टी बांधतात. हे काहीही करू नये. धुऊन झाले की त्याच दिवशी लसीचा पहिला डोस घ्यावा. रक्त आलेले असेल तर जखमेत एक वेगळे इंजेक्शनही द्यावे लागते. त्याबद्दल डॉक्टरांना आपणहून विचारावे.

पुष्कळ घरांत अजून ‘पोटात चौदा इंजेक्शने’ ही धास्ती आहे. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस भारतात 2004 च्या अखेरीस बंद झाली. आता मोजके डोस दंडात आणि अगदी लहान मुलांना मांडीत देतात. पण त्या धास्तीपायी आणि आईबाप रागावतील या भीतीने मुले ओरखडा लपवतात. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर वाचण्याची आशा जवळपास नसते, म्हणून हे लपवणे सगळ्यांत धोक्याचे. 6 जुलै 1885 रोजी पाश्चर यांनी पॅरिसमध्ये ज्याला ही लस पहिल्यांदा टोचवली, तो जोसेफ माइस्टर नऊ वर्षांचाच होता. त्याच्या आईने चावा लपवला नाही, त्याला घेऊन ती अल्सासहून पॅरिसला गेली.

पाण्याचा उपयोग नाही अशाही वेळा असतात. नाकातून रक्त आले की आपण मुलाला आडवे करून डोक्यावर पाणी थापतो. त्याऐवजी बसवून पुढे वाकवावे आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरावा. कापसाच्या आपल्या भागात फवारणीचे औषध थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवण्याची घातक सवय आहे. मुलाने ते किंवा रॉकेल प्यायले तर मीठपाणी पाजून उलटी करवू नये, ते फुप्फुसात उतरते. मूळ डबा सोबत घेऊन तडक निघावे. आमच्याकडून आदिलाबादचे रिम्स हमरस्त्याने गाठता येते, आणि 108 हा रुग्णवाहिकेचा क्रमांक तेलंगणात, महाराष्ट्रात आणि कर्नाटकात एकच आहे. सापाचे तर फाडणे, चोखणे, आवळून बांधणे सगळेच वर्ज्य. मुलाला चालू न देता, निजवून न्यावे.

भाच्याच्या मनगटावर आज नखाएवढा फिकट डाग आहे. सासूबाई तो पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात. श्रेय मात्र त्या रात्री पाजलेल्या हळदीच्या दुधाला देतात.