कंबर धरली म्हणून ज्युडो सोडायचा?

चाळिशीतल्या ज्युडोपटूची कंबर वरचेवर धरू लागली, की घरचे म्हणतात, ‘पुरे झाली आता ही आपटाआपटी.’ बोलणं काळजीपोटी असतं. पण त्यामागच्या समजुती बऱ्याचदा जुन्या असतात आणि त्यांच्यापायी चांगली माणसं मॅट कायमची सोडतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्यातली सर्वांत चिवट समजूत विश्रांतीची: दुखणं पुरतं थांबेपर्यंत हलायचं नाही. हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर झालेला एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. नुकतीच कंबर धरलेल्यांचे तीन गट केले होते. एकाला दोन दिवस अंथरुणात विश्रांती, दुसऱ्याला पाठीचे व्यायाम, तिसऱ्याला सोसवतील तेवढी रोजची कामं. तिसरा गट सर्वांत लवकर सावरला, विश्रांतीवाले सर्वांत मागे राहिले. व्यायामवालेही पहिले आले नाहीत, हे ज्युडोपटूनं मुद्दाम लक्षात घ्यावं, कारण ‘घाम गाळून मोकळी करतो’ हा आपल्याकडचा दुसरा हट्ट. ऐन दुखण्यात चालावं, घरातलं काम करावं. रांदोरी, म्हणजे मोकळी लढत, मात्र थांबवावी.

मग एमआरआय होतो आणि ‘गादी सरकलीय’, ‘मणक्यात गॅप आलाय’ असं ऐकून माणूस हबकतो. दोन मणक्यांमधली चकती दोन्ही बाजूंनी घट्ट जोडलेली असते. ती जागची निसटत नाही. ती झिजते, फुगते, कधी फाटून तिचा भाग बाहेर येतो, आणि असा बाहेर आलेला भाग अनेकदा काही महिन्यांत आपोआप आक्रसतो. शिवाय फुगलेली चकती म्हणजेच दुखण्याचं कारण, असंही नाही. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ साली घेतला गेला. त्यात चाळिशीच्या सुमारे ६८ टक्के लोकांत चकतीची झीज आणि ५० टक्क्यांत फुगवटा असल्याचा अंदाज निघाला. अहवालातल्या या दोन शब्दांवरून खेळ सोडायचा निर्णय घेऊ नये.

‘लढत नको, नुसता काता (जोडीनं ठरलेल्या क्रमानं करायच्या हालचाली) करा, तो सौम्य असतो’ हा सल्लाही सरसकट खरा नाही. जू-नो-काता या प्रकारात कुणी कुणाला आपटत नाही, पण त्यात जोडीदाराला पाठीवर उचलतात तेव्हा त्याची कंबर चांगलीच मागे वाकते. मागे वाकल्यावर दुखत असेल, तर हा ‘सौम्य’ कातादेखील त्रास देईल. पुढे वाकल्यावर दुखत असेल, तर सेओई-नागेचा, म्हणजे जोडीदाराला पाठीवर घेऊन फेकण्याचा, सराव जड जाईल, विशेषतः गुडघे ताठ ठेवून कंबरेतून ओढण्याची खोड असेल तर. गुडघे वाकवून जोडीदाराच्या खाली शिरलं, की भार पायांवर येतो. म्हणून काय बंद करायचं हे प्रकाराच्या नावावरून नव्हे, स्वतःच्या दुखण्यावरून ठरवावं. परतताना आधी जमिनीलगतच्या उकेमी, म्हणजे सुरक्षित पडण्याचा सराव, मग उचिकोमी, म्हणजे न फेकता फेकीत शिरण्याचा पुन्हापुन्हा सराव, आणि तीही दोन्ही बाजूंनी, मग ओळखीच्या जोडीदाराबरोबर फेक, आणि रांदोरी सर्वांत शेवटी. जोडीदाराला आधी सांगावं. लाज कसली त्यात? एकमेकांना सांभाळून शिकणं ज्युडोचे जनक जिगोरो कानो यांच्या शिकवणीतच आहे.

कंबरपट्ट्यावर फार भिस्त ठेवू नये. दीर्घकाळच्या कंबरदुखीसाठी नेहमीच्या उपचारात पट्टा आणि ट्रॅक्शन वापरू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली सुचवलं. दुखणं पुन्हा उलटू नये म्हणून काय करावं, याचं उत्तर फार साधं निघालं. ऑस्ट्रेलियातल्या २०२४ च्या एका चाचणीत मार्गदर्शनाखाली हळूहळू चालणं वाढवलेल्यांचं दुखणं मध्यमानानं २०८ दिवसांनी परतलं, बाकीच्यांचं ११२ दिवसांनी. क्लासला चालत जाण्याइतकं हे सोपं आहे.

हे सगळं साध्या कंबरदुखीबद्दल. मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा गुदद्वाराभोवती बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, पायातली ताकद कमी होत गेली, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं. ताप, कारण नसताना घटणारं वजन, पूर्वीचा कर्करोग किंवा जोरात पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं असेल, तरी डॉक्टरांना लगेच दाखवावं.

आणि वाढत्या वयातल्या मुलांना ‘चालत राहा, सराव कर’ हा सल्ला तसाच देऊ नये. मागे वाकताना मुलाची कंबर आठवडेच्या आठवडे दुखत असेल, तर मणक्याच्या मागच्या भागात ताणानं बारीक भेग पडलेली असू शकते. ती भरून येण्यासाठी काही महिने खेळ खरोखरच थांबवावा लागतो. स्पर्धा तोंडावर असली, तरी प्रशिक्षकांनी अशा मुलाला आधी अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवावं.