दुग्धव्यवसाय आणि मिथेन उत्सर्जन

गाईम्हशींच्या कोटीपोटात सूक्ष्मजीव चाऱ्याचे विघटन करतात. या क्रियेत तयार होणारा मिथेन वायू प्रामुख्याने ढेकरांवाटे बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या कालावधीत तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ घडवतो.

आर्थिक दृष्टीने पाहता मिथेन म्हणजे वाया गेलेली चाऱ्यातील ऊर्जा होय. म्हणूनच उत्सर्जन घटविण्यात पशुपालकाचेही हित असू शकते. त्यासाठीचे तीन उपाय पाहू.

१. संतुलित आहार : आणंद येथील राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने संगणकाच्या साहाय्याने, स्थानिक चाऱ्यावर आधारित आहार सुचविण्याचा कार्यक्रम राबविला. दूध वाढल्यास दर लिटरमागील मिथेन घटतो.

२. खाद्यपूरके : बंगळुरू येथील राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रिया संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ हे पूरक विकसित केले. त्यामुळे मिथेन १७ ते २० टक्क्यांनी घटतो, असे संस्थेचे निष्कर्ष आहेत.

३. गोबरगॅस : शेणातील मिथेन संयंत्रात साठवून इंधन म्हणून जाळला जातो.

दोन जनावरे असणाऱ्या कुटुंबाला पूरकाचा खर्च दुधातून भरून निघाला, तरच ते परवडेल. तुमच्या परिसरात यांपैकी कोणता उपाय टिकेल, ते सकारण लिहा.