रसायनशास्त्राचे स्वयंगती गृहाध्ययन

माध्यमिक व उच्च माध्यमिक स्तरावरील रसायनशास्त्राचा अभ्यास वर्गात नियमितपणे न बसता, घरी राहून, स्वतःला झेपेल अशा वेगाने व त्यासाठी मुद्दाम रचलेल्या पाठांच्या साहाय्याने करण्याच्या पद्धतीस स्वयंगती गृहाध्ययन असे म्हणता येईल. वर्गातील अध्यापनात प्रत्येक प्रकरणासाठी लागणारा काळ ठरलेला असतो व त्या काळात कोणास किती समजले, हे बदलत राहते. स्वयंगती अध्ययनात याच्या उलट योजना असते : किती समजले पाहिजे हे ठरलेले असते आणि काळ ज्याचा त्याने ठरवावयाचा असतो. दीर्घ आजार, नोकरी, शेतीची कामे, लवकर झालेले लग्न, वारंवार होणारे स्थलांतर वा गावात विज्ञान शाखा नसणे, यांमुळे ज्यांचे शिक्षण तुटते त्यांना या पद्धतीचा आधार मिळतो. रसायनशास्त्रात तीन गोष्टी एकत्र शिकाव्या लागतात. त्या म्हणजे संज्ञा व चिन्हे यांची भाषा, वस्तुमानाचे हिशेब आणि हाताने करावयाचे प्रायोगिक काम. यांपैकी पहिल्या दोन घरी उत्तम रीतीने साधतात, कित्येकदा वर्गापेक्षाही चांगल्या. तिसरीची व्यवस्था कशी करावयाची, हाच या पद्धतीपुढील खरा प्रश्न असून तिच्या इतिहासातही तो सतत आढळतो.

ऐतिहासिक आढावा : घरी रसायनशास्त्र शिकण्यासाठी लिहिलेले पहिले अतिशय लोकप्रिय पुस्तक म्हणजे जेन मार्सेट (१७६९–१८५८) या ब्रिटिश लेखिकेचे कॉन्व्हर्सेशन्स ऑन केमिस्ट्री हे होय. १८०६ च्या सुमारास ते निनावी प्रसिद्ध झाले. त्या काळी स्त्रियांना विज्ञानाच्या औपचारिक शिक्षणाची दारे बंद होती व हे पुस्तक मुख्यतः त्यांच्यासाठीच लिहिलेले होते. एक शिक्षिका आणि तिच्या दोन विद्यार्थिनी यांच्या संवादांतून ते पुढे सरकते. विद्यार्थिनी शंका काढतात, चुकीचे तर्क करतात आणि शिक्षिका त्यांना प्रयोगाकडे वळविते. मायकेल फॅराडे (१७९१–१८६७) हे लंडनमधील एका पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत असताना हे पुस्तक त्यांच्या हाती आले. त्यांनी ते केवळ वाचले नाही, तर आपल्या तुटपुंज्या कमाईत जमतील ते साधे प्रयोग करून त्यातील विधाने पडताळून पाहिली. पुढे १८१२ मध्ये त्यांनी हंफ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली व १८१३ मध्ये ते रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्ही यांचे साहाय्यक झाले. फॅराडे यांचे उदाहरण स्वयंशिक्षणाच्या समर्थनार्थ नेहमी दिले जाते. तथापि पुस्तकाबरोबर प्रयोग आणि प्रयोगानंतर जाणत्याचा सहवास हा त्यातील क्रम पुष्कळदा सांगितला जात नाही.

पाठांची शास्त्रशुद्ध रचना विसाव्या शतकात झाली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ्. स्किनर (१९०४–९०) यांनी १९५४ पासून क्रमान्वित अध्ययनाचा पुरस्कार केला. यात विषयाची लहानलहान पदांत विभागणी करतात, प्रत्येक पदाच्या अखेरीस विद्यार्थ्याकडून उत्तर घेतात व ते बरोबर की चूक हे त्याला तत्काळ कळवितात. नॉर्मन क्राउडर यांनी या सरळ रेषेतील क्रमास फाटे फोडले : चूक उत्तर देणाऱ्यास ती चूक स्पष्ट करणाऱ्या वेगळ्या पानावर पाठविले जाऊ लागले. फ्रेड केलर (१८९९–१९९६) यांनी ब्राझील व अमेरिका येथील सहकाऱ्यांसह १९६० नंतरच्या दशकात जी योजना आखली, तीत घटक लेखी स्वरूपात देऊन एका घटकावर प्रभुत्व सिद्ध केल्यावाचून पुढचा देत नसत. ही योजना महाविद्यालयीन वर्गांसाठी होती व तीत उत्तरे तपासून चर्चा करणारे साहाय्यक विद्यार्थी असत. घरी एकट्याने शिकणाऱ्यास हे साहाय्यक मिळत नाहीत, ही उणीव पुढील सर्व योजनांना कोणत्या ना कोणत्या मार्गाने भरून काढावी लागली.

ब्रिटनमध्ये १९६९ साली स्थापन झालेल्या व १९७१ पासून अध्यापन सुरू केलेल्या मुक्त विद्यापीठाने विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना टपालाने प्रयोगसंच घरपोच पाठविले, त्यास रेडिओ व दूरचित्रवाणीवरील पाठांची जोड दिली व उन्हाळ्यात निवासी वर्ग भरविले. ही योजना विद्यापीठीय स्तरावरील असली, तरी प्रयोगशाळेवाचून रसायनशास्त्र शिकविता येईल काय, या प्रश्नाला दिलेले ते पहिले मोठ्या प्रमाणावरील उत्तर होते.

पाठांची रचना : रसायनशास्त्रातील कल्पना साखळीसारख्या एकमेकींत अडकलेल्या असतात. संयुजा पक्की नसेल तर सूत्र लिहिता येत नाही, सूत्र चुकले तर समीकरण संतुलित होत नाही आणि समीकरण चुकले तर पुढचा सर्व हिशेब व्यर्थ जातो. वर्गात एखादी कडी निसटली तरी विद्यार्थी इतरांबरोबर पुढे ढकलला जातो. स्वयंगती पाठात मात्र त्याला तेथेच थांबता येते. या विषयास ही पद्धती विशेष मानवते, त्याचे कारण हेच.

अॅलेक्स जॉनस्टन या स्कॉटिश रसायनशिक्षणतज्ञांनी १९८२ मध्ये असे दाखवून दिले की, रसायनशास्त्रज्ञ एकाच घटनेचा विचार तीन पातळ्यांवर करतो : डोळ्यांना दिसणारा पदार्थ, त्यातील अणुरेणू आणि कागदावरील चिन्हे. जाणत्याला या तिन्हींत सहज ये-जा करता येते. नवशिक्याला मात्र तिन्ही एकदम समोर आल्यास काहीच उमगत नाही. चांगला पाठ प्रथम दिसणाऱ्या पदार्थापासून सुरू होतो, मग कणांचे चित्र देतो आणि चिन्हे शेवटी आणतो. गृहपाठमाला म्हणून विकली जाणारी पुष्कळशी पुस्तके नेमका उलटा क्रम घेतात.

विद्यार्थी सर्वांत जास्त अडखळतात ते मोल या कल्पनेपाशी. २० मे २०१९ पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार मोल म्हणजे कणांची एक ठराविक संख्या (सुमारे ६·०२२ गुणिले १० चा २३ वा घात) होय. डझन म्हणजे बारा, तसाच हा कणांचा एक मोठा डझन, एवढे सांगून भागत नाही. तो तराजूवरील ग्रॅम व समीकरणातील रेणू यांना जोडणारा दुवा आहे, हे उदाहरणांनी पटवावे लागते. पुढील प्रश्न पाहावा : ४ ग्रॅ. हायड्रोजन व १६ ग्रॅ. ऑक्सिजन यांच्या संयोगाने जास्तीत जास्त किती पाणी तयार होईल? बरोबर उत्तर १८ ग्रॅ. असे आहे. अर्धा मोल ऑक्सिजन एक मोल हायड्रोजनाशी संयोग पावतो, एक मोल पाणी बनते व २ ग्रॅ. हायड्रोजन शिल्लक उरतो. ज्याचे उत्तर २० ग्रॅ. येते, त्याने नुसती बेरीज केलेली असते. वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम त्याला पाठ आहे, पण दिलेले सर्व द्रव्य विक्रियेत भाग घेतेच असे नाही, हे त्याला ठाऊक नाही. ज्याचे उत्तर ३६ ग्रॅ. येते, त्याने केवळ हायड्रोजनावरून हिशेब केलेला असतो व मूळ द्रव्य अवघे २० ग्रॅ. होते, हे पडताळलेले नसते. दोन चुका, दोन निराळी कारणे आणि म्हणून दोन निराळी स्पष्टीकरणे. पाठाच्या शेवटी नुसती उत्तरांची यादी देऊन हे काम होत नाही.

घरातील प्रयोग : स्वयंपाकघरात अभ्यासक्रमास उपयोगी पडतील असे पुष्कळ पदार्थ असतात. हळदीचा कागद धुण्याच्या सोड्याने तांबडा होतो व लिंबाच्या रसाने पुन्हा पिवळा होतो. चुन्याच्या निवळीत नळीने श्वास सोडल्यास ती दुधाळ होते. परंतु रंगबदलाचे असे प्रयोग करमणुकीपुरतेच राहण्याचा धोका असतो. रसायनशास्त्राचे आधुनिक स्वरूप तराजूपासून सुरू झाले, तेव्हा घरच्या प्रयोगातही मोजमाप हवे. पुढील प्रयोगास ०·१ ग्रॅ. पर्यंत वजन दाखविणारा साधा काटा पुरतो. उंच काचपात्रात १०० ग्रॅ. व्हिनेगार (यात सु. ४% अॅसिटिक अम्ल असते) घेऊन त्यात ४·२ ग्रॅ. खाण्याचा सोडा थोडाथोडा टाकावा व फसफस पूर्ण थांबल्यावर पुन्हा वजन करावे. खाण्याच्या सोड्याचा रेणुभार ८४ असल्याने ४·२ ग्रॅ. म्हणजे ०·०५ मोल होतात. त्यांना ३ ग्रॅ. अॅसिटिक अम्ल पुरते व पात्रात ते ४ ग्रॅ. आहे. म्हणून सर्व सोडा खर्ची पडून ०·०५ मोल म्हणजे २·२ ग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड निघून गेला पाहिजे. प्रत्यक्षात वजनातील घट बहुधा २ ग्रॅ. च्या आसपास भरते, कारण थोडा वायू पाण्यात विरघळलेला राहतो. तुषार बाहेर उडाल्यास घट उलट वाढते. हा फरक कोठून आला, हे विद्यार्थ्याने लिहून काढणे हाच या प्रयोगातील खरा पाठ होय.

संहत अम्ले व दाहक सोडा घरी हाताळू नयेत. अम्लहल्ल्यांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली अम्लाच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातलेले आहेत. विरंजक चूर्ण वा तत्सम द्रव आणि संडास साफ करण्याचे अम्ल यांचे मिश्रण कधीही करू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. डोळ्यांवर चष्मा असावा, खिडकी उघडी असावी आणि प्रयोगाची भांडी पुन्हा खाण्यापिण्यास वापरू नयेत.

अनुमापन व लवणांचे गुणात्मक विश्लेषण घरी करता येत नाही. संगणकाच्या पडद्यावरील प्रतिरूपे येथे काही अंशी उपयोगी पडतात. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली सुरू झालेल्या फेट या प्रकल्पाची विनामूल्य प्रतिरूपे प्रसिद्ध असून त्यांपैकी काही मराठीतही आहेत. अणुरेणूंची न दिसणारी पातळी डोळ्यांपुढे आणण्यात ती फळ्यावरील आकृतीपेक्षा सरस ठरतात. मात्र पडद्यावरील ब्युरेटची तोटी गळत नाही व अंतिम बिंदू चुकत नाही. एका थेंबाने फिकट गुलाबी छटा येते व दुसऱ्याने विद्राव गडद होतो, हा अनुभव हातानेच घ्यावा लागतो.

भारतातील व्यवस्था : केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने १९७९ मध्ये सुरू केलेल्या मुक्त विद्यालयाचे १९८९ मध्ये स्वायत्त संस्थेत रूपांतर झाले व २००२ पासून ते राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था या नावाने ओळखले जाते. उच्च माध्यमिक स्तरावर तेथे रसायनशास्त्र घेता येते. पाठांतच प्रश्न पेरलेली स्वयंअध्ययन पुस्तके, तपासून मिळणारे स्वाध्याय आणि अभ्यासकेंद्रावरील संपर्कवर्ग व प्रात्यक्षिके अशी योजना असते. नोंदणी पाच वर्षे ग्राह्य धरतात व या काळात एकेक विषय सोडविता येतो. नोकरी करणाऱ्यास वा संसारात अडकलेल्या स्त्रीस ही सवलत पुस्तकांहूनही मोलाची वाटते. अडचण येते ती प्रात्यक्षिकांची : अभ्यासकेंद्र दूर असेल, तर मजुरी बुडवून तेथे जावे लागते व प्रयोग परीक्षेपुरते उरकले जातात.

महाराष्ट्रात आणखी एक अडथळा आहे. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या विद्यार्थ्यास अकरावीनंतर विज्ञान प्रामुख्याने इंग्रजीतून शिकावे लागते. क्षपण, उत्प्रेरक, संहती या संज्ञा त्याला परिचित असतात, पण नव्या पुस्तकात त्यांची ओळख पटत नाही. वर्गात शिक्षक बोलताबोलता हा दुवा जोडून देतात. घरी अभ्यास करणाऱ्याने दोन्ही भाषांतील संज्ञांची वही स्वतः तयार करावी व तीत प्रत्येक संज्ञेपुढे व्याख्येऐवजी एक उदाहरण लिहावे.

गती स्वतःच्या हाती असली की ती मंदावतेही. केलर यांच्या योजनेतील विद्यार्थ्यांचे परीक्षेतील यश सामान्यतः चांगले असे. परंतु काम पुढे ढकलणे व अभ्यासक्रम मध्येच सोडणे हे दोष तीत प्रथमपासून दिसून आले. म्हणून बऱ्याच पाठमालांत आता घटकपरत्वे सुचविलेल्या तारखा देतात व आठवड्यातून एकदा कोणाशी तरी, प्रत्यक्ष वा दूरध्वनीवर, सोडविलेल्या प्रश्नांची चर्चा ठेवतात. हा साहाय्यक रसायनशास्त्राचा पदवीधर असलाच पाहिजे असे नाही. गतवर्षी तोच अभ्यासक्रम पुरा केलेला विद्यार्थी हे काम चांगले करतो, कारण ३६ ग्रॅ. हे उत्तर कसे येते, ते त्याला अजून आठवत असते.