दुसऱ्या फळीचा फड

२०१२ साली ‘पुणे मराठाज’ नावाचा एक संघ व्यावसायिक लीगचा विजेता झाला. अंतिम सामन्यात त्यांनी ‘दिल्ली डिफेंडर्स’ला ६-० असं हरवलं. लक्ष्मी रोडवरून मिरवणूक निघाली नाही, चौकात फ्लेक्स लागले नाहीत, आणि आज पुण्यातसुद्धा ही गोष्ट सांगितली तर लोक थट्टा समजतात. खेळ होता अमेरिकन फुटबॉल आणि तो मोसम पुण्यात झालाच नव्हता. सामने श्रीलंकेत कोलंबोला खेळवले, त्यांचं चित्रीकरण केलं आणि मग ते दूरचित्रवाणीवर दाखवले.

‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’ असं भारदस्त नाव असलेल्या या लीगची घोषणा २०११ मध्ये झाली. पाठीराखे साधेसुधे नव्हते. शिकागोचे नावाजलेले प्रशिक्षक माइक डिटका होते, खेळाडू कर्ट वॉर्नर होता, हॉलिवूडचा अभिनेता मार्क वॉलबर्ग होता. सव्वाशे कोटींचा देश, घरोघरी टीव्ही, क्रिकेटशिवाय दुसरा मोठा खेळ नाही. त्यातले थोडे लोक जरी वळले तरी पुरे, असा एकूण हिशेब दिसतो. तो कागदावर जमला, मातीत रुजला नाही. कोणी पंजाबातून, कोणी ओडिशातून, रग्बी-कबड्डी खेळणारी मुलं गोळा करून त्यांना हेल्मेट घालायला शिकवावं लागलं. जो खेळ इथे कोणी खेळत नव्हतं, त्याची थेट व्यावसायिक लीग काढली गेली होती.

मला या लेखासाठी कुतूहल आहे ते मात्र वेगळ्याच गोष्टीचं. ज्या अमेरिकेत हा खेळ गल्लीबोळात खेळला जातो, तिथे तरी दुसऱ्या फळीची व्यावसायिक लीग टिकते का? आणि टिकत असेल तर त्यात नांदेड-लातूरच्या माणसाने लक्ष घालावं असं काय आहे?

आधी अमेरिका. तिथली पहिली फळी म्हणजे एनएफएल. ३२ संघ, प्रत्येकात ५३ खेळाडू, म्हणजे सतराशेच्या आत जागा. दरवर्षीच्या ड्राफ्टमध्ये जेमतेम अडीचशे मुलं निवडली जातात, आणि विद्यापीठांतून हा खेळ खेळणाऱ्यांची संख्या सत्तर हजारांच्या वर आहे. म्हणजे तयार, तगडे पण जागा न मिळालेले खेळाडू ढिगाने. त्यातलाच एक कर्ट वॉर्नर. १९९४ मध्ये तो आयोवातल्या एका किराणा बाजारात रात्रपाळीला फळ्यांवर माल लावत होता. मग तो बंदिस्त मैदानावरच्या छोट्या लीगमध्ये खेळला, १९९८ मध्ये एनएफएलनेच युरोपात चालवलेल्या लीगमधून ॲमस्टरडॅमकडून खेळला आणि जानेवारी २००० मध्ये सेंट लुईस रॅम्सला सुपर बोल जिंकून देऊन त्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. दुय्यम लीगचं समर्थन करणारा प्रत्येक माणूस वॉर्नरचं नाव घेतो. त्याच्यासारखे किती आले हे मात्र सांगत नाही.

माल आहे, मग दुकान का चालत नाही? १९८३ मध्ये ‘यूएसएफएल’ निघाली ती हुशारीने. एनएफएलचा मोसम तेव्हा जानेवारीअखेर संपायचा, म्हणून हिचे सामने वसंत ऋतूत. पहिली दोन वर्षं बरी गेली. पण न्यू जर्सीचा संघ विकत घेतलेल्या डोनाल्ड ट्रम्प यांच्यासारख्या मालकांना मधल्या मोसमातली कमाई पुरेना. सामने शरद ऋतूत, थेट एनएफएलच्या अंगणात न्यायचे ठरले आणि सोबत मक्तेदारीविरोधी खटला भरला. १९८६ मध्ये ज्यूरीने एनएफएलला दोषी धरलं आणि भरपाई दिली एक डॉलर. कायद्याप्रमाणे ती तिप्पट होते, म्हणून तीन डॉलर. लीग पुन्हा मैदानात उतरली नाही.

२००१ ची एक्सएफएल पैलवानी तमाशाच्या धंद्यातल्या विन्स मॅकमहन यांची. पहिल्या रात्री सुमारे १ कोटी ४० लाख प्रेक्षक टीव्हीसमोर होते. मोसम संपेपर्यंत ते पांगले आणि लीगही गुंडाळली. २०१९ ची ‘एएएफ’ तर फेब्रुवारीत सुरू होऊन २ एप्रिलला, पहिला मोसम पुरा व्हायच्या आत थांबली. २५ कोटी डॉलर देऊ म्हणणाऱ्या गुंतवणूकदाराने हात काढून घेतला आणि काही खेळाडूंना घरी जायचं तिकीट स्वतःच्या खिशातून काढावं लागलं. २०२० मध्ये परतलेली एक्सएफएल पाच आठवड्यांत करोनाने बसवली. ती दीड कोटी डॉलरला अभिनेता ड्वेन जॉन्सन आणि त्याच्या भागीदारांनी घेतली.

आज जी उभी आहे ती ‘यूएफएल’. २०२२ मध्ये फॉक्स वाहिनीने नवी यूएसएफएल काढली होती, ती आणि जॉन्सनची एक्सएफएल यांचं लग्न लागून २०२४ मध्ये ही आठ संघांची लीग जन्मली. खेळाडूला मोसमाचे साधारण ६० हजार डॉलर मिळतात. एनएफएलमधल्या अगदी नवख्याला २०२५ मध्ये किमान ८ लाख ४० हजार होते. एवढ्या दरीतही मुलं येतात, कारण त्यांना दुसरं दार नाही.

इथे दोन गावांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०२२ मध्ये फॉक्सने खर्च वाचवण्यासाठी सगळे साखळी सामने अलाबामातल्या बर्मिंगहॅम या एकाच शहरात घेतले. संघांची नावं मिशिगनची, फिलाडेल्फियाची, न्यू जर्सीची, मैदान एकच. बर्मिंगहॅमचा स्वतःचा संघ खेळला की लोक यायचे, बाकी वेळी कॅमेऱ्याला रिकाम्या खुर्च्या चुकवाव्या लागत. दुसरं गाव सेंट लुईस. तिथला एनएफएलचा संघ, तोच वॉर्नरचा रॅम्स, २०१६ मध्ये मालकाने उचलून लॉस एंजलिसला नेला. गावाचा अपमान झाला. त्या गावात दुय्यम लीगचा ‘बॅटलहॉक्स’ संघ आला तर २०२४ मध्ये सामन्याला सरासरी चौतीस हजारांच्या आसपास माणूस लोटला. लीगमध्ये दुसरं कोणी त्याच्या जवळपासही नव्हतं. दुय्यम लीगला प्रेक्षक मिळतो तो जिथे पहिली लीग जात नाही किंवा जिथून ती निघून गेली आहे तिथे, असं मला या सगळ्या इतिहासातून दिसतं. पैसा, नियम, तारे या गोष्टी नंतरच्या.

आपल्याकडे थोरल्यांशी झुंज घेणाऱ्या लीगा झाल्या, त्यांची गत यूएसएफएलसारखीच झाली. २००७ मध्ये सुभाषचंद्र यांच्या उद्योगसमूहाने ‘इंडियन क्रिकेट लीग’ काढली, कपिल देव सोबत होते. क्रिकेट मंडळाने खेळाडूंवर बंदी घातली, पुढच्याच वर्षी १८ एप्रिलला आयपीएल सुरू केली आणि २००९ मध्ये बंडखोरांना माफी देऊन विषय मिटवला. हॉकीत २०१२ मध्ये ‘वर्ल्ड सिरीज हॉकी’ झाली. हॉकी इंडियाचा विरोध पत्करून. तिच्या अंतिम सामन्यात ‘पुणे स्ट्रायकर्स’ शेर-ए-पंजाबकडून २-५ असे हरले. दुसरा मोसम झाला नाही. पुण्याच्या नावाचे संघ त्या वर्षी विचित्र नशीब घेऊन आले होते. एक जिंकला तो परक्या खेळात, एक हरला तो ओळखीच्या खेळात, आणि दोन्ही लीगा बसल्या.

प्रो कबड्डी टिकली, तिचं कारण ती सुरू झाली त्या २६ जुलै २०१४ च्या आधी शोधावं लागतं. गावोगावची मंडळं, नवरात्राच्या आणि शिवजयंतीच्या स्पर्धा, पोलीस-रेल्वे-बँकांचे संघ असा सगळा पाया तयार होता. कॅमेरा फक्त त्याच्यावर फिरला. २०१५ मध्ये स्टार वाहिनीने लीग चालवणाऱ्या कंपनीत ७४ टक्के हिस्सा घेतला. प्रसारकच मालक झाला की तोटा काही वर्षं सोसता येतो. फॉक्सने सात वर्षांनी तेच केलं.

आता मराठवाडा. या लीगांच्या नकाशात आपण आहोत ते नावापुरते. २०१८ मध्ये झी टॉकीजने कुस्तीची दंगल भरवली तेव्हा ‘वीर मराठवाडा’ संघ होता, मालक ‘सैराट’वाले नागराज मंजुळे. कुस्त्या पुण्याच्या बालेवाडीत. २०२३ च्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये ‘छत्रपती संभाजी किंग्ज’ होता, तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर त्याचा कर्णधार. सामने पुण्याजवळच्या गहुंज्यात. २०२५ मध्ये त्या लीगचे सहा संघ पुणे, कोल्हापूर, नाशिक, रत्नागिरी, रायगड आणि सातारा यांच्या नावाचे होते. मराठवाडा यादीत उरला नाही. लातूरहून गहुंजे सुमारे साडेतीनशे किलोमीटर, नांदेडहून साडेचारशेच्या वर. आपल्या नावाचा संघ बघायला माणसाने रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसून जायचं, हा हिशेब बर्मिंगहॅमच्या रिकाम्या खुर्च्यांचाच आहे.

एकदाच लातूरने लीगला हलवलं. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली, पाच लाख लिटर घेऊन. दुसऱ्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले. मैदानाच्या पाण्याचा तो वाद होता. सामने गेल्याने लातूरच्या हंड्यात पाणी वाढलं असं नाही, पण राज्याच्या एका टोकाला काय चाललंय याची दखल दुसऱ्या टोकाच्या करमणुकीला घ्यावी लागली.

आणि तरीही नांदेड-लातूरला दुसऱ्या फळीचा व्यावसायिक खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. त्याला आपण लीग म्हणत नाही इतकंच. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोड्यांचा बाजार, लावणी महोत्सव, आणि जिल्हा परिषदेची कुस्त्यांची दंगल. महाशिवरात्रीला लातूरच्या सिद्धेश्वर-रत्नेश्वर यात्रेत फड. मध्ये आणि नंतर, थेट अक्षय तृतीयेच्या पुढेपर्यंत, गावोगावच्या जत्रा. सोयाबीन-तूर विकून हातात पैसा आलेला असतो आणि पेरणीला अवकाश असतो. अमेरिकेने वसंत ऋतू शोधून काढला. आपल्या गावांनी सुगी आणि पेरणी यांच्यामधली फट शोधून काढली.

फडाचं अर्थशास्त्र बारकाईने बघण्यासारखं आहे. तिकीट नाही. गाव वर्गणी काढतं, कोणी दुकानदार, कोणी कारखान्याचा संचालक, कोणी पुढारी एकेका जोडीवर इनाम लावतो आणि माइकवर त्याचं नाव पुकारलं जातं. पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर, नारळावर; मग शंभर-पाचशे; शेवटची मानाची कुस्ती हजारांत-लाखांत. हलगी वाजते, वस्ताद जोड लावतो. मोसमात पैलवान एका आठवड्यात दोन-तीन फड करतो. इनामातून खुराक भागतो, उरलं तर घरी. प्रसारणाचे हक्क कोणी विकत घेतले नाहीत म्हणून फड कधी बंद पडला नाही, कारण तो चालावा ही गरज देवस्थानाला आहे, गावाला आहे आणि इनाम लावणाऱ्यालाही आहे.

नांदेडची हॉकीही याच जातीची. गुरु गोविंदसिंघजींच्या नावाची अखिल भारतीय सुवर्ण-रौप्य चषक स्पर्धा गुरुपर्वाच्या सुमारास कित्येक दशकं भरते आहे आणि बाहेरच्या राज्यांचे, सरकारी खात्यांचे संघ तिच्यासाठी येतात. वर्ल्ड सिरीज हॉकी आली आणि गेली. हॉकी इंडिया लीग २०१७ नंतर सात वर्षं बंद पडून २०२४ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाली. नांदेडच्या हॉकीला मात्र हजूर साहिबची पंचांग-तिथी आहे.

जत्रेच्या कुस्तीचे गोडवे गाऊन मी थांबलो तर खोटं होईल. नुरा कुस्ती, म्हणजे आधीच मिळवून केलेली जोड, सगळ्यांना माहीत असते. अर्धा तास रेटारेटी होऊन कुस्ती बरोबरीत सोडवतात आणि पब्लिक शिव्या देत उठतं. गुडघा गेला की पैलवान संपला, विमा नाही. मुलींच्या कुस्त्या वाढल्या, तरी मानाच्या जोडीपर्यंत क्वचित पोचतात. आणि चांगला निघाला की तो जातो. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९७० मध्ये एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले आणि पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत मुलं घडवली. लातूरच्याच साई गावचे काका पवार, अर्जुन पुरस्कारविजेते, त्यांचं संकुल कात्रजला. जानेवारी २०२० च्या महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत लातूरचा शैलेश शेळके आणि नाशिकचा हर्षवर्धन सदगीर समोरासमोर होते, दोघेही काका पवारांचे पठ्ठे. लढत बालेवाडीत झाली, सदगीर जिंकला. मागे राहिलेल्यांची, म्हणजे तयार पण जागा न मिळालेल्यांची फौज मराठवाड्यात आहे. अमेरिकेत हीच फौज यूएफएल चालवते.

यूएफएलबद्दल माझं मत असं: ती जगेल, पण लहान राहून, आणि फॉक्सला वसंतात दाखवायला काही हवं आहे तोवर. २०२५ मध्ये भागीदार म्हणून आलेले माइक रेपोली यांनी २०२६ च्या मोसमासाठी तीन संघ हलवून लुईव्हिल, कोलंबस आणि ऑरलँडोला नेले. या तिन्ही शहरांत एनएफएलचा संघ नाही, मैदानंही लहान. दिशा बरोबर वाटते. भारतात मात्र हेल्मेटवाल्या अमेरिकन फुटबॉलची लीग परत काढणं म्हणजे पैसे नदीत टाकणं. त्याचा धक्काबुक्कीविरहित प्रकार, फ्लॅग फुटबॉल, २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये आहे. तो शाळांत पोचला तर पंधरा-वीस वर्षांनी बोलू.

मराठवाड्याची कुस्ती लीग कोणी काढणार असेल तर त्याने बालेवाडीचं भाडं वाचवावं. माळेगावची दंगल संपते त्या दिवशी पैलवान, वस्ताद, हलगीवाले आणि बघणारे सगळे नांदेड जिल्ह्यात हजर असतात. तिथून आठवड्याला एक फड धरत महाशिवरात्रीला लातूरला यावं. संघ तालुक्यांचे करावेत, इनामाबरोबर मोसमभराचा खुराक आणि विमा बांधून द्यावा आणि पंच बाहेरचे आणावेत. कॅमेरा आला तर येऊ द्यावा. तो न आला तरी उदगीरच्या संघाची अहमदपूरशी जोड लागली तर किती गर्दी होईल, याचा अंदाज दोन्ही गावांतल्या कोणत्याही चहावाल्याला आहे.