भोवळीची जबानी

घणसोली आणि शीळफाटा यांच्यामधला जवळजवळ पाच किलोमीटरांचा बोगदा २० सप्टेंबर २०२५ रोजी आरपार झाल्यापासून ताशी ३२० किलोमीटर धावणाऱ्या बुलेट ट्रेनची चर्चा या परिसरात इतकी रंगली आहे, की मेट्रो १२ च्या कामाने, पुलांच्या दुरुस्त्यांनी आणि उरणच्या बंदराकडून भिवंडीकडे निघालेल्या कंटेनरांच्या रांगांनी ज्या कल्याण-शीळ रस्त्यावर मोटारीला पादचाऱ्याच्या पायरीवर आणून बसविले आहे, त्याच रस्त्यावर खोळंबलेला प्रवासीही शेजाऱ्याला विचारून जातो, 'एवढ्या वेगात माणसाला चक्कर नाही का येणार?' प्रश्न भाबडा वाटला तरी क्षुल्लक नाही. कारण त्याचे खरे उत्तर असे आहे की, त्या गाडीत बसलेल्याला भोवळ येण्याची शक्यता आज काटई नाक्यावर बसमध्ये ताटकळणाऱ्याच्या मानाने पुष्कळच कमी आहे.

याचे कारण आपल्या अंतःकर्णाच्या रचनेत आहे. तेथे द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि चुनखडीच्या सूक्ष्म कणांनी भारलेली दोन लहान इंद्रिये असून, नलिका मस्तकाच्या वळण्याची आणि ती दोन इंद्रिये पुढे-मागे, वर-खाली होण्याची वर्दी मेंदूला देतात. मात्र जमीन जागच्या जागी आहे एवढ्यासाठी तलाठी दप्तर उघडत नाही, फेरफार झाला तरच नोंद घालतो, त्याप्रमाणे हे इंद्रियही वेगाची नोंद ठेवीत नाही. वेगात पडलेल्या फरकाचीच तेवढी ठेवते. सरळ मार्गावर, एकाच वेगाने चाललेली गाडी ताशी ३० ने जावो की ३२० ने, अंतःकर्णाच्या लेखी ती स्तब्धच असते. उलट, दहा पावले पुढे जाऊन करकचून थांबणारी, पुन्हा धक्क्याने निघणारी, खड्डा चुकविण्यासाठी डावी-उजवी वळणारी बस दर क्षणी नवी नोंद घालावयास लावते. आणि त्याच वेळी मान खाली घालून मोबाइलच्या पडद्यावर खिळलेले डोळे 'सर्व काही स्थिर आहे' अशी विरुद्ध साक्ष देत राहतात. या दोन परस्परविरोधी जबान्यांचा मेळ मेंदूला घालता आला नाही, म्हणजे जे होते त्यालाच आपण 'गाडी लागली' असे म्हणतो. सुमारे पाच सेकंदांना एक अशा संथ लयीचे हेलकावे या बाबतीत सर्वांत त्रासदायक ठरतात, असे प्रयोगांत आढळले आहे. खिडकीबाहेर दूरवर पाहत बसा, हा वडीलधाऱ्यांचा उपदेशही शास्त्रसंमतच आहे, कारण त्यामुळे डोळे आणि कान एकच हकीकत सांगू लागतात.

या विसंगतीचा एक मासलेवाईक दाखला इंग्लंडच्या रेल्वेने घालून दिला आहे. वळणावर आपोआप कलणारी एक वेगवान गाडी तेथे १९८१ च्या डिसेंबरात वार्ताहरांना दाखविण्यासाठी चालविण्यात आली, आणि प्रवासात त्यांच्यापैकी अनेकांना मळमळू लागले. वळणाचा रेटा शरीराला मुळीच जाणवू नये अशी चोख व्यवस्था अभियंत्यांनी केली होती. परंतु बाहेरचा भूभाग तिरका होताना डोळ्यांना दिसतो आणि देहाला त्याचा मागमूसही लागत नाही, हेच त्रासाचे मूळ असल्याचे पुढे ध्यानात आले. पुढच्या कलत्या गाड्यांत वळणाचा थोडा रेटा शरीराला मुद्दामच जाणवू देण्यात येऊ लागला. परिपूर्णतेपेक्षा किंचित उणेपण माणसाला मानवते, हा बोध यंत्रविद्येने घ्यावा यात एक प्रकारची गंमत आहे.

आता या त्रासाला आपण जी नावे देतो, त्या शब्दांकडे वळू. हिंजवडीत किंवा ऐरोलीत नोकरी करणारी तरुण पिढी साहेबाला रजेचा निरोप धाडताना 'वूझी' वाटत असल्याचे कळविते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेच्या बोलीत वावरू लागलेला आणि ज्याच्या व्युत्पत्तीचा धड पत्ता नाही असा हा सैल शब्द असून, औषधाची गुंगी, मद्याची झिंग, तापातली ग्लानी आणि पोटातली ढवळाढवळ या सर्वांना तो एकाच झोळीत घालतो. त्या नावाचे वाकड्या ओठांचे चित्रमुखही २०१८ साली युनिकोडच्या यादीत दाखल झाले. रजेच्या अर्जासाठी असा मोघम शब्द सोयीचा आहे खरा. आपल्याकडे मात्र भोवळ, घेरी, झीट, तिरमिरी, डोळ्यांपुढे अंधारी अशी वेगवेगळ्या छटांची संपत्ती आहे, आणि माधवनिदान या आयुर्वेदीय ग्रंथानेही भ्रम व मूर्च्छा यांची कारणे निरनिराळ्या दोषांत शोधून त्यांची गफलत होऊ दिलेली नाही.

असे असता, रुग्णाने नेमका शब्द वापरला की वैद्याचे काम झाले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि वैद्यकानेही तो बराच काळ काढला. १९७२ साली ड्रॅकमन आणि हार्ट या अमेरिकन डॉक्टरांनी सर्व तक्रारींची चार वर्गांत विभागणी केली: भोवतालचे फिरणे, मूर्च्छेच्या काठावर जाणे, तोल जाणे आणि नुसतेच डोके हलके वाटणे. ही वाटणी डॉक्टरांच्या पिढ्यांनी पाठ केली. परंतु २००७ साली तपासणीकक्षातील रुग्णांना काही मिनिटांच्या अंतराने 'भोवळ कशी येते' हा प्रश्न पुन्हा विचारला गेला, तेव्हा सुमारे निम्म्यांनी आपले उत्तर बदलले. भोवळ 'कशी' येते हे सांगताना माणसे घोटाळतात. ती 'केव्हा' आली, किती वेळ टिकली आणि कशाने आली, हे सांगताना त्या मानाने फारच कमी चुकतात. कोणत्या बदलाने कानाने वा रक्ताभिसरणाने तक्रार केली, हाच मुख्य प्रश्न होय.

हा प्रश्न ज्यांनी शास्त्रीय पद्धतीने हाताळला, त्या रॉबर्ट बारानी यांची कथा थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. व्हिएन्नाच्या रुग्णालयात कान धुण्याचे अगदी सामान्य काम करीत असता, पाणी थंड असले की रुग्णाला गरगरते आणि त्याचे डोळे एका बाजूला हिसके देऊ लागतात, हे त्यांना दिसले. पाणी अति ऊन झाले तेव्हाही गरगरले, परंतु डोळ्यांचे हिसके विरुद्ध दिशेने गेले. दुसऱ्या एखाद्याने परिचारिकेला पाण्याबद्दल दोन शब्द सुनावून विषय संपविला असता. बारानींनी मात्र विचार केला की, उष्णतेने नलिकेतला द्रव वर चढतो, थंडीने खाली उतरतो, आणि प्रवाहाची दिशा बदलली म्हणून डोळ्यांचीही बदलते. या साध्या परीक्षेने मस्तकाच्या आतल्या इंद्रियाची तपासणी बाहेरून करता येऊ लागली. १९१४ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाल्याची वार्ता त्यांच्या कानी आली, ती रशियाच्या युद्धबंदी छावणीत. स्वीडनच्या राजपुत्राने रदबदली केल्यावर १९१६ साली त्यांची मुक्तता झाली. रुग्णाच्या कुरकुरीला पुरावा मानण्याची वृत्ती हेच त्यांचे खरे संशोधन, असे म्हणावेसे वाटते.

तीच वृत्ती ठेवून पाहिले तर पुष्कळ गाठी सहज सुटतात. अंथरुणात कूस बदलताच खोली गरगर फिरते आणि मिनिटाच्या आत थांबते, तेव्हा बहुधा चुनखडीचा एखादा कण जागा सोडून नलिकेत शिरलेला असतो. डिक्स आणि हॉलपाइक यांच्या १९५२ सालच्या चाचणीने ते ओळखता येते; आणि पोर्टलंडच्या जॉन एप्ली यांनी, सहव्यावसायिकांच्या अविश्वासाला न जुमानता, १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या मान वळविण्याच्या युक्तीने बहुतेकदा काही मिनिटांत बरेही होते. बसल्या जागेवरून उठताच अंधारी येत असेल तर रक्तदाब पडताळावा. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा वीसने किंवा अधिक घसरणे हे लक्षण होय, आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचे प्रमाण त्याला अनेकदा कारण असते. दिवा-डोंबिवलीहून उपाशीपोटी निघून गर्दीत निश्चल उभ्या राहिलेल्या बाईचे रक्त पायांत साचते, आणि राज्यातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रिया पंडुरोगी आहेत हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने नोंदविले असल्याने, तिला झीट येणे आश्चर्याचे नाही. तिला कांदा हुंगविण्यापेक्षा, किंवा चार जणींनी दंडांना धरून उभे ठेवण्यापेक्षा, आडवे करून पाय उंच करावेत. उभे धरल्याने मेंदूचा रक्तपुरवठा अधिकच लांबतो.

उन्हाची भोवळ याहून गंभीर. १६ एप्रिल २०२३ रोजी शीळफाट्यापासून फार दूर नसलेल्या खारघरच्या मैदानावर पुरस्कारसोहळ्याला जमलेल्यांपैकी १४ जण उष्माघाताने दगावले. किनारपट्टीच्या दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून अंगातली उष्णता बाहेर पडत नाही, आणि तेथे चक्कर ही पहिली सूचना असते. सर्वांत घातक मात्र ती भोवळ, जी एकाएकी येते आणि जिच्यासोबत बोलणे अडखळते, एकाची दोन दिसतात, चेहरा वा हात लुळा पडतो किंवा उभेच राहवत नाही. हा पक्षाघात असू शकतो, आणि गुठळी विरघळविणाऱ्या औषधाची मुदत साधारणतः साडेचार तासांची आहे. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या कोंडीने त्यातला किती वेळ खाल्ला जाईल, हे वाचकांना सांगायला नको.

इतके सर्व असताना, आपल्याकडे सरसकट सर्व भोवळींवर एकच गोळी लिहून देण्याचा आणि ती महिनोन्महिने चालू ठेवण्याचा प्रघात पडला आहे. प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन यांसारखी औषधे तीव्र झटक्यात दोन-चार दिवस उपयोगी पडतात; लांबविली तर मेंदूची स्वतःला सावरण्याची क्रिया ती मंद करतात, आणि वृद्धांत कंपवातासारखी लक्षणेही निर्माण करू शकतात. तेव्हा दवाखान्यात जाताना रुग्णाने केव्हा, किती वेळ आणि कशाने या तीन बाबींची लेखी जबानी न्यावी, आणि डॉक्टरने ती ऐकल्यावाचून कागदावर औषध लिहू नये, एवढी अपेक्षा अवास्तव नाही. राहिली शीळच्या रस्त्यावरची भोवळ. तिचे कारण कानात नाही, रक्तात नाही. ते अर्धवट खणलेल्या कामांत आणि एकमेकींकडे बोट दाखविणाऱ्या कचेऱ्यांत आहे, आणि तेथली मुदत कोणत्याही औषधाच्या मुदतीपेक्षा लांबत चालली आहे.