कॅमेरा हलू द्यायचा नाही

कामथडीच्या घरात, खिडकीशी ठेवलेल्या कुंडीत भिजवलेले वाटाणे पेरले आणि समोर स्टँडवर मोबाइल घट्ट आवळून बसवला. ठरावीक वेळाने एक फोटो, एवढंच काम. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले, तेव्हा त्यांनी हेच केलं होतं. एका वेळी एक चौकट टिपत त्यांनी वाटाण्याची वाढ चित्रित केली. ‘अंकुराची वाढ’ ही चिमुकली फिल्म पाहून भांडवल देणाऱ्याला त्यांचा भरवसा वाटला, आणि पुढच्याच वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला.

शेजारची मुलं येता-जाता डोकावत. आधी माती तडकते. कोंब सरळ वर येत नाही. मान खाली घालून, कमान करून येतो, आणि उजेड मिळाल्यावर ताठ होतो. पुढे त्याला बारीक धागे फुटतात. सगळे फोटो भराभर पळवले की ते धागे हवेत गोल गोल फिरत आधार चाचपताना दिसतात. नुसत्या डोळ्यांना हे कधीच दिसत नाही. ढग आला की चौकट काळवंडते, सगळं चित्र लुकलुकतं. ते चालून जातं. एका मुलीने मात्र गंमत म्हणून कुंडी बोटभर सरकवली आणि पडद्यावर रोपाने टुणकन उडी मारली. जादू तिथेच मोडली.

जागा न सोडण्याची ही शिस्त फाळक्यांच्या हातात कुठून आली असेल? ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले, त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले, फोटोग्राफी केली, जादूचे प्रयोगही केले. पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती त्यांची छापखान्यातली वर्षं. राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या शिळाछपाईचं काम त्यांनी केलं, पुढे स्वतःचा छापखानाही काढला. शिळाछपाईत प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. तोच कागद पुन्हा पुन्हा दाबाखाली जातो, आणि दर वेळी आधीच्या छापावर नेमका बसावा लागतो. केसभर सरकला तर लक्ष्मीच्या ओठांचा लाल रंग हनुवटीवर उतरतो.

त्या काळी पडद्यावरचा चमत्कारही असाच घडे. चौकटीचा काही भाग काळा झाकायचा, उरलेल्यात चित्रण करायचं, हँडलचे फेरे मोजत फिल्म मागे घ्यायची आणि मोकळ्या राहिलेल्या जागी दुसरं दृश्य टिपायचं. कागदाच्या जागी फिल्म आली, एवढाच फरक. फाळक्यांचा सिनेमा चित्रकलेतून आला असं आपण म्हणतो. मला तो छापखान्यातून आलेला जास्त दिसतो. आणि तो घरातून आला. फिल्मच्या कडेची भोकं अंधारात पाडायला, युनिटला जेवू घालायला पत्नी सरस्वतीबाई होत्या. हरिश्चंद्राचा रोहिदास झाला तो मुलगा भालचंद्र.

‘कालिया मर्दन’ (१९१९) मी त्या मुलांना दाखवला. कृष्णाच्या भूमिकेत फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. पाण्याखाली कालियाशी झुंज आणि काठावर हवालदिल गोकुळ, असं आलटूनपालटून सुरू झालं तेव्हा कोणी जागचं हललं नाही. पण पुन्हा लावायला लावली ती सुरुवात. गोष्ट सुरू होण्याआधी सात वर्षांची मंदाकिनी मुलीच्याच वेषात समोर येते. फाळके तिच्या चेहऱ्यावरचे भाव एकेक करून दाखवतात, मग हीच मुलगी आपल्या डोळ्यांदेखत कृष्ण होते: पहिली प्रतिमा विरत जाते आणि तिच्यावर मुकुटवाली उमटते. अशा वेळी पोरीला तेवढाच वेळ, तिथेच, तशीच मान धरून बसावं लागतं. पुन्हा पाहताना कुंडी सरकवणारी मुलगी पडद्याच्या अगदी जवळ जाऊन मंदाकिनीचे डोळे आपल्या जागी राहतात का ते तपासत होती.